चुकीचा धनी

चूक कोणाची हे शोधून काढण्यात आमच्या फोरमनांचा हात धरणारा माणूस उभ्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता. पुढे जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं, तेव्हाही दुसरा कोणी निपजल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कर्जत स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमच्या साप्ताहिकाचा छापखाना होता. चार पानांचा अंक, खिळे जुळवणारे चार जुळारी, धापा टाकणारं एक जुनं यंत्र आणि मालक तेच संपादक. मी सकाळी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि दुपारी तिथे प्रुफं तपासायचो. फोरमनांना सगळे फोरमनच म्हणत. पोशीरला त्यांच्या घरी एकदा निरोप द्यायला गेलो, तर खुद्द त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "फोरमन शेतावर गेलेत, बसा." त्यांचं खरं नाव मला दोन वर्षांनी कळलं, तेही मतदारयादीचं प्रूफ वाचताना.

त्यांची सारी उमेदवारी मुंबईच्या एका मोठ्या दैनिकात झालेली. तिथे पन्नास-साठ जुळारी एका वेळी उभे राहून शिशाचे खिळे जुळवत, आणि ज्याचा मजकूर जितका लांब तितकी त्याची मजुरी. कोणी किती जुळवलं हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक नंबर आणि त्या नंबराची शिशाची बारीक पट्टी. आपल्या मजकुराच्या डोक्यावर ती पट्टी ठेवायची, म्हणजे प्रुफावर नंबर उमटतो. पान बांधताना ती काढून घ्यायची, वाचकाला पत्ताही लागत नाही. मग ज्याची त्याची प्रुफं कापून एकाखाली एक चिकटवायची आणि आठवड्याअखेर त्यांची लांबी मोजायची. ही सगळी व्यवस्था फोरमन गावी परतताना बरोबर घेऊन आले. आमच्याकडे तिचा काडीचा उपयोग नव्हता. चौघेही जुळारी महिन्याच्या पगारावर, एकाच खोलीत, कोपराला कोपर लागेल असे उभे. कोण काय जुळवतंय हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं. पण फोरमनांनी पट्ट्या आणल्या, स्वतःला एक नंबर घेतला आणि चौघांना दोन ते पाच वाटून दिले. त्या दिवसापासून छापखान्यात माणसांना नावं उरली नाहीत. "तीन नंबर, वेलांटी मोडली बघ." "पाच नंबर, तंबाखू बाहेर." पाच नंबरचे वडील एकदा खोपोलीहून मुलाची चौकशी करत आले, तर फोरमनांना तो कोण हे आठवायलाच वेळ लागला.

भिंतीवर चार खुंट्या होत्या आणि त्यांवर प्रुफांच्या चार लांब पट्ट्या वाळत घातलेल्या धोतरांसारख्या लोंबत. शनिवारी मोजणी. फोरमनांच्या खिशात बोटाबोटावर गाठ मारलेली एक दोरी असे. ती वरपासून खालपर्यंत लावायची, गाठी मोजायच्या, मग लाल पेन्सिलीने चुकांवर टिंबं द्यायची आणि दोन्ही आकडे एका जाड वहीत उतरवायचे. हे चालू असताना चौघे जुळारी दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. बक्षीस काही नाही, शिक्षाही नाही. ज्याची पट्टी लांब आणि टिंबं कमी, त्याच्याकडे बघून फोरमन नाकातून "हं" म्हणत, एवढंच. पण त्या "हं"साठी तीन नंबर आठवडाभर विडी प्यायला बाहेर जात नसे. मालकांनी एकदा गमतीने वही मागितली, तर फोरमनांनी ती कपाटात घालून कुलूप लावलं. "चूक ज्याची त्याला सांगायची, मालक. दुसऱ्याला सांगितली की ती चुगली होते."

छापखान्यात हा सोस पुरला असता तर एक वेळ ठीक होतं. लावणीच्या दिवसांत ते चार दिवस पोशीरला जात. एका वर्षी त्यांनी लावणीला आलेल्या बायकांच्या ओळींपुढे नंबर लिहिलेल्या बांबूच्या काड्या रोवल्या. कोणाचा आवा, म्हणजे लावणीची ओळ, वाकडा पडतो ते त्यांना बघायचं होतं. त्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फोरमन, भाताला नंबर कशाला रं बाबा? शिजल्यावर वाचाया येनार हाय का?" सगळं शेत हसलं. फोरमनही हसले, पण काड्या काढल्या नाहीत. मुलीच्या लग्नात त्यांनी बुंदीचे लाडू वळणाऱ्या बायकांची ताटं वेगवेगळी ठेवायला लावली. पंगतीत व्याह्यांच्या हातात लाडू फुटला, तेव्हा सारे वऱ्हाडी श्वास रोखून बसले असताना फोरमन शांतपणे म्हणाले, "हा आमच्या धाकट्या भावजयीचा." ती भावजय त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही.

मी त्यांची नक्कल करून शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हसवत असे. ती नक्कल मला चांगली साधली होती.

मग ते गिरणीचं प्रकरण झालं. खालापूर तालुक्यात भाऊसाहेब म्हणून एक बडे जमीनदार होते. आमच्या शाळेच्या समितीवरही ते होते, आणि मला नोकरीत कायम करायचा कागद त्या वर्षी त्याच समितीपुढे पडलेला होता. भाऊसाहेबांनी चौकला भातगिरणी काढली, दिवंगत वडिलांच्या नावाने. बातमी आमच्याकडे आली. जुळवताना तीन नंबरकडून वडील आणि मुलगा, दोघांच्याही नावामागे "श्री." पडलं. प्रुफात ते माझ्या लक्षात आलं. मी वडिलांचं "श्री." काटून "कै." करायला सांगितलं. निदान मला तसं वाटलं. शाळेतले पेपर तपासायचे राहिले होते, घाईत होतो, आणि माझी खूण एक ओळ खाली, भाऊसाहेबांच्या नावावर पडली. तीन नंबरने लिहिलं होतं ते केलं. अंक बाहेर पडला: श्री. वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेल्या गिरणीचं उद्घाटन कै. भाऊसाहेबांच्या शुभहस्ते थाटात पार पडलं.

भाऊसाहेबांची बहीण लोधिवलीला दिलेली. तिच्या सासरी कोणीतरी अंक मोठ्याने वाचला, आणि पुढचं न ऐकताच एक टेंपो भरून माणसं रडत भाऊसाहेबांच्या दारात उतरली. भाऊसाहेब ओटीवर चहा पीत होते. बहिणीने त्यांना पाहिलं आणि ती तिथेच बेशुद्ध पडली. ही हकिकत दोन्ही तालुक्यांत लोकांनी चवीचवीने सांगितली. आम्हाला मात्र तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांची जीप छापखान्यापुढे थांबली तेव्हा कळली.

"कोणी केलं हे?" भाऊसाहेब उंबऱ्यातच उभे राहिले. "मला तो माणूस पायजे. आत्ता. तो हितं राहिला तर तुमचं साप्ताहिक राहत नाय."

मालकांनी फोरमनांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आयुष्यभर ज्या प्रश्नासाठी त्या माणसाने दोऱ्या आणि पट्ट्या सांभाळल्या, तो प्रश्न अखेर कोणीतरी विचारला होता. तीन नंबर पांढराफटक पडला होता. तो पुटपुटला, "फोरमन, लिवलं होतं तेच मी—"

"तू गप रं," फोरमन म्हणाले आणि खुंटीवरची पट्टी काढून घेतली.

गिरणीचं प्रूफ त्यांनी बोटाने शोधलं. वर तीनचा आकडा, समासात माझी शाई. ते त्यांनी चष्मा वर करून, डोळ्यांशी धरून नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानात यंत्र चालू असल्यासारखा आवाज येत होता, आणि यंत्र तर बंद होतं. मी बोलायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं, "चूक माझी आहे." समितीपुढचा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता, घरी सहा महिन्यांची मुलगी होती, आणि मी मराठीचा शिक्षक होतो. मी खाली पाहिलं.

फोरमनांनी प्रुफाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि भाऊसाहेबांपुढे जाऊन म्हणाले, "एक नंबर. म्हंजे मी. शेवटच्या फेरीला खिळे मीच बदलले. उजेड नव्हता."

भाऊसाहेब गेल्यावर मालकांनी त्यांना परोपरीने विचारलं. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. पुढच्या अंकात माफी छापायची आणि मग फोरमनांनी घरी जायचं, असं ठरलं. माफीचा मजकूर लिहायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलं, कारण भाषा माझी चांगली. मी लिहिलं: आमच्या एका जुन्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. फोरमनांनी तो मजकूर स्वतः जुळवला. दुपारी प्रूफ घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. वर एकचा आकडा होता. ते मजकूर जुळवायला स्वतः क्वचित उभे राहत, त्यामुळे तो आकडा मी प्रुफावर पहिल्यांदाच पाहिला.

"मास्तर, बघून घ्या," ते म्हणाले. "एकच हाय. 'निष्काळजीपणामुळे' लांब पडतो. वळ फुटते. 'चुकीमुळे' केलं तर चालंल का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ओळ फुटत होती, आणि त्यांना फुटलेली ओळ आवडत नसे, इतकंच.

"चालेल," मी म्हणालो.

त्या सबंध प्रकरणात माझ्या तोंडून निघालेला तेवढा एकच शब्द.

फोरमन पोशीरला गेले. मी नोकरीत कायम झालो. तीन नंबर पुढे फोरमन झाला. त्याने पहिल्याच आठवड्यात खुंट्या रिकाम्या केल्या आणि सगळ्यांना नावाने हाका मारायला सुरुवात केली. माझ्याशी तो कामापुरतं बोले. चुका वाढल्या. कोणाच्या ते कळेनासं झालं, आणि काही दिवसांनी कोणी विचारीनासंही झालं. फोरमनांची नक्कल शिक्षकांच्या खोलीत पुन्हा करून दाखव म्हणून मला किती जणांनी आग्रह केला. मी म्हणायचो, विसरलो.

अकरा वर्षं गेली. नव्या तऱ्हेची छपाई आली, ती मालकांना झेपली नाही आणि साप्ताहिक बंद पडलं. शेवटचा अंक निघाला त्याच्या पुढच्या रविवारी मी नेरळला उतरलो आणि कळंबची एसटी धरून पोशीरला गेलो. फोरमन अंगणात भात वाळवत होते. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. खाट टाकली, पाणी दिलं. मी पाणी हातात धरूनच सांगून टाकलं: गिरणीची चूक माझी होती, मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

"म्हाईत हाय की," फोरमन म्हणाले.

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

ते पायाने भात सारत राहिले. "तीन नंबरच्या घरात सात माणसं खाणारी. त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. आणि तुमाला नंबर दिलेलाच नव्हता मास्तर. तुमी स्वतः बोलणार, असं वाटलं मला."

"राग आला असेल," मी म्हणालो.

"आला ना. नाय कशाला म्हणू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "दोन वर्सं वाट बघितली तुमची. एसटी आली की रस्त्याकडं बघायचो. ही म्हणायची, कोण येणार हाय? मंग सोडून दिलं. किती दिवस बघायचं?"

मी म्हणालो, आता मी काय करू? भाऊसाहेबांना जाऊन सांगावं तर ते वारून दोन वर्षं झाली होती. अंकात छापायचं तर अंकच उरला नव्हता. चूक कबूल करायलाही ती ऐकणारं कोणी शिल्लक असावं लागतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शिल्लक होते ते एकटे फोरमन, आणि ते आत वळून पत्नीला सांगत होते, "मास्तर जेवून जातील गं."

जेवलो. वालाचं बिरडं होतं आणि नव्या तांदळाचा भात. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, ती सहावीत जायच्या वयाची झाली का म्हणून विचारलं, आणि मी हो म्हणालो. संध्याकाळी ते मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. त्यानंतर मी दर दिवाळीला जात राहिलो, ते होते तोवर चार वेळा. आम्ही पावसापाण्याच्या गप्पा मारायचो. ते हसायचेही. त्यांची संगत इतकी सुखाची होती की परतीच्या वाटेवर मला दर वेळी तेच तेच वाटत राही. कर्जतहून पोशीर म्हणजे सारा तासाभराचा रस्ता, आणि तो मी अकरा वर्षं चाललो नव्हतो.