कितीपैकी?

"कितीपैकी?"

काकांचा पहिला शब्द हाच. बजाजनगरच्या बास्केटबॉलच्या मैदानावर कुणी ओरडलं, "काका, आज सहा बास्केट टाकले!" की वहीतून मान वर न काढता ते विचारणार, "कितीपैकी?" मग टाकणारा डोकं खाजवायचा. आत गेलेले सगळ्यांच्या लक्षात राहतात, बाहेर गेलेले कुणाच्याच नाहीत. तुम्हीही आपापल्या गल्लीत हे पाहिलं असेल.

मैदानावरच्या सगळ्या पोरांचे हे काका वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. बोल्टच्या खोक्यातून काही नग काढायचे, मापायचे आणि खोका पास की नापास ते सांगायचं. पहिली पाळी सुटली की मैदानाकडेला उलट्या क्रेटवर येऊन बसायचे. चेंडूला स्वतः कधी हात लावला नाही. पण वहीत प्रत्येक खेळाडूचं एक पान, पानावर मैदानाची आकृती, आणि जिथून शॉट मारला तिथं खूण. आत गेला तर फुली, बाहेर गेला तर टिंब.

"हे कशाला लिहिता?" विचारलं तर म्हणायचे, "डोळा खोटं बोलतो रे. त्याला तमाशा आवडतो."

मी चितेगावच्याही पुढच्या, एस.टी. जात नाही अशा वस्तीवरचा. घरी मेंढरं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही भेटल्यापासून पाच मिनिटांत सांगायचो. राहायला चुलतभावाची खोली होती, पण दिवाळीनंतर त्याची बायको-लेकरं येणार होती. कॉलेजच्या संघात आलो तर वसतिगृहात जागा. नाही आलो तर बोचकं बांधून परत मेंढरांमागं.

निवडीच्या दोन महिने आधी मी ऐटीत विचारलं, "काका, माझं पान काय म्हणतंय?"

त्यांनी वही पुढं धरली. रस्त्याच्या बाजूला टिंबांचं नुसतं वारूळ. शाळेच्या भिंतीकडं मोजक्याच खुणा, पण बहुतेक फुल्या.

"मारतोस रस्त्याकडूनच. का बरं?"

माझी नजर तिकडं गेली. रस्त्याकडं पानटपरी होती. बघणारे तिथं उभे राहायचे.

"व्हय, बघणारे तिकडं हायत," काका म्हणाले. "पण बघणारे मोजायचेत का बास्केट? भिंतीकडून मार. खुणा लई थोड्या हायत, आत्ताच फुगू नको."

दोन महिने मी भिंतीकडून मारत राहिलो. बघायला काकांशिवाय कुणी नसायचं.

निवडीच्या दिवशी संघात एकच जागा उरली होती आणि आम्ही दोघं. दुसरा पडेगावचा. कॉलेजच्या सरांनी दहा-दहा शॉट दिले. त्याचे सात गेले, माझे चार. सरांनी त्याचं नाव लिहायला पेन उघडलं.

काका रजा टाकून, सायकल हाणत तिथवर आले होते. ते सरळ सरांपुढं जाऊन उभे राहिले.

"साहेब, दहा नग बघून मी बोल्टचा खोकाबी पास करत नाय."

"आपण कोण?"

"कोणी नाय. वही लिहितो."

"काका, पोरं हायत ती, बोल्ट नाय!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. सर मात्र वहीची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "बरं. दोघांनी पन्नास-पन्नास टाका."

ऊन तापलं होतं. त्याचे एकोणतीस गेले. माझे एकतीस. मी उडीच मारली. आता सर माझं नाव लिहिणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा साहेब. दोनचाच फरक हाय. उद्या टाकले तर उलटंबी होईल. ह्यावरून कोण सरस ते कळत नाय."

"अहो, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

"बाजू कशाची? कळत नाय तर कळत नाय म्हणावं माणसानं."

सरांनी कपाळाला हात लावला. शेवटी दोघांनाही घेतलं. संघात आलटून पालटून खेळायचं आणि वसतिगृहात एका खाटेवर दोघांनी भागवायचं. म्हणजे मला जागा मिळाली, पण अर्धी. माझी जीत ह्या माणसानं बोल्टासारखी बाजूला काढून ठेवली होती. महिनाभर मी मैदानावर फिरकलो नाही.

मग एकदा जाऊन तोंडावरच विचारलं, "काका, मी जिंकलो होतो. तुमचं काय जात होतं?"

त्यांनी वही मिटली. "मी मॅट्रिकला एकदाच बसलो. गणितात गेलो. बाप म्हणला, ह्याला डोकं नाय. दुसऱ्यांदा फॉर्म भरू दिला नाय." मग एक बोट वर करून म्हणाले, "एकापैकी शून्य. त्यावरून काय कळतंय, सांग की."



पुढं मी पदवी घेतली, नोकरीला लागलो. काही वर्षांनी कळलं, काकांना लकवा झाला, उजवा हात लुळा पडला. मी आणि पडेगावचा, दोघं भेटायला गेलो. हाताच्या व्यायामाला त्यांना प्लॅस्टिकचा चेंडू दिला होता. खाटेवर बसून समोरच्या बादलीत टाकायचा. चेंडू कोपऱ्यात पडलेला.

"सकाळी टाकला, बाहेर गेला," काकू म्हणाल्या. "तवापासून हात लावंनात. आता जमायचं नाय म्हणतेत."

मी चेंडू उचलला. "काका, कितीपैकी?"

त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. मग स्वतःच त्या बोटाकडं बघत राहिले. आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले.

मी चेंडू त्यांच्या उजव्या हातात ठेवला, बोटं मिटून दिली. पडेगावचा बादलीशेजारी मांडी घालून बसला. काकूंनी कपाटावरची वही काढून दिली. तिच्यात आम्हा सगळ्यांची पानं होती, काकांचं नव्हतं. मी एक कोरं पान काढलं, वर त्यांचं नाव लिहिलं आणि सकाळचं ते एक टिंब दिलं.

काका आता नाहीत. वही माझ्याकडं आहे. त्या पानावर टिंबंच टिंबं आहेत, फुली क्वचित. कुणी विचारतं, "काकांचे किती गेले हो?" मी आकडा सांगत नाही. पान उलटून मागची बाजू दाखवतो. तीही भरलेली आहे.