दुसऱ्याच्या नावाची डाळिंबं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीला शाळेत पेपर तपासत होते. वहिनी इतकंच म्हणाली, "तुमचे दादा..." आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, सुगतराव फार हसतमुख होते. होते ना. पण त्याच हसऱ्या माणसाला मान खाली घालताना मी पाहिलंय, आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. दादा पुण्यात कॉम्प्युटर शिकला आणि बारामतीत इंटरनेटचं दुकान टाकून बसला. आबा, म्हणजे आमचे वडील, वालचंदनगरच्या कारखान्यातून रिटायर होऊन वरकुट्याला डाळिंबं करत होते. ती नेटवर विकायची असं दादाच्या डोक्यात आलं. त्यासाठी तिथं आपल्या वेबसाइटचा एक पत्ता घ्यावा लागतो. या पठ्ठ्यानं काय करावं? घरोघरी ठाऊक असलेल्या एका सरबत कंपनीचं नाव उचललं, पुढं 'न्यू' लावलं आणि पत्ता नोंदवून मोकळा झाला.

मी म्हटलं, "अरे, दुसऱ्याचं नाव कसं घेतोस?"

"भिगवणला बघ की. एक मच्छी खानावळ चालली की शेजारी 'न्यू' लावून दुसरी उघडती. मालक भांडतो का? उलट कांदं कमी पडलं तर उसनं देतो."

खोटं नव्हतं. आमच्याकडची रीतच ती, तिच्यात कुणाला चोरी दिसत नाही.

कंपनीला दिसली. वकिलाची नोटीस आली. आमच्यासारखं नाव घेऊन तुम्ही गिऱ्हाइकांची दिशाभूल करता, पत्ता आमच्या हवाली करा, लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात या. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? डेअरीवर दूध घालताना कुणीतरी आबांना ऐकवलं, "तुमचं पोरगं इंटरनेटवर चोरी करतंय म्हणं." आबांनी डेअरीवर जाणं सोडलं.

पुण्याला कंपनीच्या त्या वकिलाकडं आम्ही तिघं गेलो. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आत शिरताच ते हात जोडून म्हणाले, "पोरगं चोर न्हाय, सायेब. चूक पदरात घ्या." माझ्या बापाचे हात बुद्धवंदनेशिवाय कुणापुढं जुळलेले मी पाहिले नव्हते. कारखान्यातल्या साहेबापुढंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वकील भला माणूस. त्यानं आबांना खुर्ची दिली, चहा मागवला. माफीच्या कागदांवर दादाच्या सह्या झाल्यावर सहज विचारलं, "बाग तुमची, डाळिंबं तुमची. मग स्वतःचंच नाव का नाही दिलं?"

दादा खाली बघत म्हणाला, "कांबळ्यांची डाळिंबं म्हटल्यावर कोण घेणार, सर?"

आबांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली... नोटिशीची वाटली नव्हती एवढी लाज मला त्या वाक्याची वाटली. परतीच्या एसटीत आबा एवढंच बोलले, "मी हेच नाव सांगून जन्मभर पगार घेतला रं."

पुढं आबांच्या शब्दाखातर त्यानं डाळिंबाच्या सगळ्या क्रेटवर, एका बाजूला, तांबड्या रंगात 'कांबळे, वरकुटे' लिहून घेतलं. आबा समाधानानं गेले.

परवा मी वरकुट्याच्या शेडमध्ये गेले. क्रेट छतापर्यंत रचलेले, पण एकावरही नाव दिसेना. एक ओढून फिरवला. नाव होतं, भिंतीच्या बाजूला.

वहिनी म्हणाली, "बाहेरचा व्यापारी यायचा असला की ते असंच लावायचे. मी कधी इचारलं न्हाय."

इतकी वर्षं... दादाची कीव आली, आपलीच लाज वाटली, आणि चिडावं तर कुणावर तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी व्यापारी यायचा होता. वहिनीनं पदर खोचला, वरचा क्रेट खाली घेतला आणि नाव बाहेर करून ठेवला. मी दुसरा उचलला.