शेकोटीमागचं पातेलं

आमच्या घरातल्या शेकोटीनं कधी कुणाला ऊब दिली नाही, असं मी चांगली चार वर्षं समजत होतो.

शेकोटी शोभेची होती. मेहुण्यानं पुण्याहून आणलेली. प्लॅस्टिकची लाकडं, लाल काच, आत साठ-साठ वॅटचे दोन बल्ब आणि त्यांच्या उष्णतेनं फिरणारी पत्र्याची चकती. ती फिरली की काचेवर जाळ नाचायचा. आमच्या अवसरी गावात अशी शेकोटी दुसरी नव्हती! (कुणाला नकोच होती.)

माझी बायको सिंधू थंडीत ती रात्रभर चालू ठेवायची. मला वाटायचं, हौस. तेवढ्यात वीज वाचवणारे सीएफएल दिवे निघाले. मी दोन आणले; दुसऱ्याच दिवशी आमच्या लेकीला, संगीताला, पाहायला पाहुणे यायचे होते. म्हटलं, जावयासमोर सुधारलेलं घर दिसू दे! सिंधू गोठ्यात गेल्याचं बघून मी बल्ब बदलले.

"नाना, जाळ हालंना की!" संगीता म्हणाली.

सीएफएल तापेना, म्हणून चकती फिरेना. मग मी मागून टेबलफॅन लावला. तिथं फडक्यात गुंडाळलेलं रुंद पातेलं होतं; पंख्याला बैठक आयतीच मिळाली! जाळ असा नाचला की बस्स. पाहुण्यांसमोर दगा नको, म्हणून रात्रभर चालवून पाहिला. (दोन दिव्यांची वीज वाचवायला एक पंखा! हिशेब मीच केला होता.)

सकाळी किंकाळी आली. "अवो, दही लागलंच न्हाई! आता श्रीखंड कशाचं करू?"

"दही? ते कुठं ठेवलं होतंस?"

"श्येकोटीमागं! दर थंडीला तितंच ठेवती मी, ऊब असती म्हणून!"

मी आधी पंखा लपवला. सिंधूनं मात्र गुन्हेगार शोधला होता. विरजण शेजारच्या ताराबाईकडून आणलेलं.

"तारे, मुद्दाम मेलेलं विरजण दिलंस! तुझ्या सुमीला हे स्थळ पायजे व्हतं ना?"

"माझ्या विरजणाला नावं ठिवतीस?" ताराबाई कुंपणावरून कडाडली. "पुन्यांदा दारात येऊ नगंस!"

बारा वर्षांची मैत्री माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती आणि मी खिशातले दोन जुने बल्ब गच्च धरून उभा होतो. पाहुण्यांनी शिरा खाल्ला, लग्नही जमलं. पण लग्नात ताराबाई आली नाही. सिंधू हळद दळताना तीनदा कुंपणाकडं बघून आली, ते मी पाहिलं. तरी बोललो नाही.

पाच वर्षं अशी गेली. परवा सिंधू ताटात दही वाढताना म्हणाली, "तारीच्या विरजणाची चव कशालाच न्हाई." मी सगळं सांगून टाकलं. पंख्यासकट.

सिंधूनं डाव ठेवला, उठली आणि कुंपणावरून हाक मारली, "तारेऽऽ! हिकडं ये! चोर घरातच व्हता!"

आता दोघी रोज आमच्या पडवीत चहा पितात. माझ्याशी कुणीच बोलत नाही. दह्याचं पातेलं त्यांनी मिळून माझ्या पांघरुणात ठेवलंय, हलायची सक्त बंदी आहे. वीज अजिबात जळत नाही. एवढी काटकसरीची शेकोटी मी घरातच असताना उगाच बल्ब बदलत बसलो होतो!