केशरबाईंची पडद्याआडची गाठ

हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ बंजारा तांड्यावर केशरबाई सुईण होत्या. चारशेवर बाळंतपणं त्यांच्या हातून झाली. बुजणाऱ्या पोरींना त्या सांगत, "लाज उशाला ठेव, मंग घे परत." स्वतःची लाज त्यांनी अशी कधी ठेवली नव्हती.

२००१ च्या उन्हाळ्यात त्यांना उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी आरसे-कवड्या जडवलेल्या जाड घागऱ्यावरूनच पोट दाबलं. आरशांना काही दुखत नव्हतं. पित्ताची गोळी मिळाली. जांघेतल्या गाठीबद्दल केशरबाई बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा सून संगितानं त्यांना हिंगोलीला सर्जन दत्तप्रसाद यांच्याकडे आणलं आणि गाठीचं सांगून टाकलं.

"आजी, घागरा सैल करा."

"न्हाई."

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"मी चारशे बायांचं बोटानं वळखलं. इचारा, सांगते."

"आमी सगळ्या हिच्यापुढं उघड्या झालो," संगिता म्हणाली, "आन हिची पाळी आली तर पडदा!"

डॉक्टर पडद्याबाहेर स्टुलावर बसले. आत केशरबाई स्वतःला तपासू लागल्या.

"गाठ जांघेच्या घडीच्या वर की खाली?"

"खाली. मांडीकडं."

"खोका. बोटाला धक्का लागतो?"

"न्हाई."

"दाबली की आत जाते?"

"परवापर्यंत जायची. आता न्हाई. वरून कातडी गरम हाय."

डॉक्टरांना आणखी काही विचारायचं उरलं नाही. घडीच्या खाली, मांडीच्या वाटेनं उतरलेला हर्निया, तोही आत आतडं अडकलेला. ऑपरेशन आजच, नाहीतर आजी जातील.

"पाठीत सुई देतो. मग दोन तास कमरेखालचं अंग तुमचं नसतं."

केशरबाईंनी यावर बराच विचार केला. जे आपलं नाही त्याची लाज आपण का धरावी, हे त्यांना पटलं. "बराबर हाय," म्हणत त्यांनी अंगठा दिला आणि टेबलावर डोळे घट्ट मिटून घेतले.

गाठीत आतडं नव्हतंच. सुजलेलं अपेंडिक्स तिथं येऊन अडकलं होतं. अठरा वर्षांत डॉक्टरांनी असं पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या दवाखान्यातले दोघे बघायला बोलावले. केशरबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

सकाळी डॉक्टर आनंदात म्हणाले, "आजी, गाठीत अपेंडिक्स निघालं, हे लाखात एखादं!"

केशरबाईंना आनंद झाला नाही. "केवढं होतं?"

डॉक्टरांनी करंगळी दाखवली. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"मंग मला काहून कळलं न्हाई?"

"मलाही नाही कळलं, आजी."

"तुमी पडद्याबाहेर होता. मी तर आत होते."