चुन्याच्या पंजांची भिंत

तायडे काकूंचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसमध्येच होतो, दवाखान्यात सरांना भेटायला निघालेलो. "दिनेश, आता घाई नको करू बाबू..." एवढंच त्या बोलल्या. मूर्तिजापूरही अजून यायचं होतं. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

सर गेले त्याला आता पाच आठवडे झाले. सरांवर लिहा, असं लोक म्हणतात, म्हणजे गोड लिहा असंच म्हणायचं असतं. ते माझ्याकडून होणार नाही. तायडे सर आमचे प्रशिक्षक; त्यांनीच मला संघातून काढलं होतं आणि त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

अमरावतीचा आमचा बास्केटबॉल संघ व्यावसायिक. खेळ हीच आमची नोकरी. मी कप्तान होतो आणि आम्ही सहा जण तेहतिशीच्या पुढे गेलो होतो. गुडघ्यांना पट्ट्या, खोलीभर दुखण्याच्या मलमाचा वास, पण गावात रुबाब कायम. सरांची एक पद्धत होती. हंगामाच्या पहिल्या सकाळी मैदानामागच्या भिंतीपाशी कालवलेल्या चुन्याची बादली ठेवायची. प्रत्येकानं उजवा हात त्यात बुडवायचा, जागच्या जागी उडी मारायची आणि भिंतीवर पंजा उमटवायचा. खाली कोळशानं नाव आणि साल. शेवटी सर स्वतः उडी मारायचे, साठी उलटली तरी.

त्या वर्षी मी लबाडी केली. बुटात दोन जाड तळवे घातले. सरांनी पायांकडे एकदाच पाहिलं, म्हणाले, "बूट काढ." अनवाणी उडी मारली, तर पंजा मागच्या वर्षीपेक्षा चार बोटं खाली.

"दिन्या, हात खाली येऊन राह्यला तुहा."

"मंग काय झालं सर? माहा नेम तर हाये ना!"

"नेम हाये. पन बॉल डोक्यावरून चालला, त्याले काय करतं?"

महिन्याभरात आम्ही सहाही जण बाहेर. सरांनी वलगावची, अकोल्याची विशी-बाविशीची पोरं आणली. पहिल्या हंगामात ती अशी हरली की बघवत नव्हतं. मी मात्र मुद्दाम जाऊन बघायचो आणि हसायचो, हे लपवत नाही. लोक ओरडायचे, जुन्यांना आणा! व्यवस्थापनानं राजीनामा मागितला तेव्हा सर म्हणाले, "हारू द्या त्यायले. हारून शिकून राह्यले ते. जुने तं जिकता जिकता म्हातारे झाले." आणि दिला नाही राजीनामा.

तिसऱ्या हंगामात अकोल्यात, शेवटच्या मिनिटाला त्या पोरांनी अंतिम सामना काढला. मी खुर्चीवर उभा राहून बोंबलत होतो, हे मला सरांनी खालून हाक मारली तेव्हा कळलं. "काय दिन्या, येतं का उद्या? पोट्ट्यायले पास शिकवाचे हायेत." मी गेलो. शेवटपर्यंत त्यांचा सहायक म्हणून राहिलो.

आणि आता सर नाहीत म्हटल्यावर, शोकसभेच्या खुर्च्या उचलायच्या आत संघाच्या सचिवांनी मला बाजूला घेतलं. सरांशिवाय ही पोरं टिकायची नाहीत, यंदा तुम्ही जुनेच उतरा, कप्तान तुम्हीच. खरं सांगतो, तोंडाला पाणी सुटलं. घरी जाऊन जुनी जर्सी काढली. पोटावर बसेना, तरी ओढून बसवली. आरशात बराच वेळ पाहिलं... आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी बादलीत चुना कालवला. सचिवांना, कमिटीला मुद्दाम बोलावलं. बूट काढले, हात बुडवला, जीव खाऊन उडी मारली. पंजा त्या चार बोटांच्याही वीतभर खाली लागला. कोळसा घेऊन मीच खाली नाव लिहिलं.

"घ्या, मोजा," मी म्हणालो. "आन मंग सांगा, कोनाले उतरवता?"

नंतर पोरं एकेक करून उडाली. वलगावच्या सोहमचा ओला पंजा माझ्या ऐन उमेदीतल्या पंजाच्याही वर, अगदी भिंतीच्या वरच्या कडेला उमटला. वर आता जागाच उरलेली नाही. सचिव हळूच म्हणाले, भिंत रंगवून घेऊ, सरांचा छान फोटो लावू. मी सांगितलं, तिला कोणी हात लावायचा नाही. लावायच्याच असतील, तर वर विटा लावा, उंच करा तिला.

गवंडी उद्या येतोय.