आमेन म्हणायची वेळ

एकाहत्तरच्या डिसेंबरात, युद्ध पेटलं तेव्हा, नगरमध्ये जो तो आकाशाकडे बघत चालायचा. लष्कराची छावणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पहिला बॉम्ब आपल्यावरच, हे आईने ठरवून टाकलं होतं. उजेड बाहेर दिसू नये म्हणून ती खिडक्यांना काळे कागद चिकटवायची. विमानाचा आवाज आला की मी ताट सोडून पलंगाखाली शिरायचे.

माझा मोठा भाऊ तेव्हा हवाई दलात होता, विमानांना बॉम्ब जोडायच्या कामावर. त्या आठवड्यात रेडिओवर बातमी आली, शत्रूच्या शहरावर आपले बॉम्ब पडले, आगी अजून धुमसताहेत. शेजाऱ्यांनी आम्हाला पेढे आणून दिले. पप्पांनी पेढा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," ते म्हणाले. "तिथंही बायकापोरं असतील. रविवारी मी त्यांच्यासाठी प्रार्थना करणार."

पप्पा शाळामास्तर आणि आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. उपासनेत सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करायची त्या रविवारी त्यांची पाळी होती. आई भडकली. "आपला पोरगा तिकडं हाय, अन् तुमी वैऱ्यासाठी मागनार? देव मंग आपल्या पोराकडं बघंल का? अन् लोक म्हनतील, ह्या ख्रिस्ती लोकांचा भरवसा न्हाई."

मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, आणि जीभ भलतीच धारदार. पप्पांच्या बाजूने मी तीन दिवस आईशी भांडले. बॉम्बला काय कळतं, सैनिक कोण आणि बाळंतीण कोण, असलं बरंच काही. शेवटी आईने माझ्याशी बोलणंच सोडलं.

रविवारी सकाळी चर्च भरलेलं होतं. पप्पांनी आधी जवानांसाठी मागितलं, माझ्या भावासाठी मागितलं. मग ते म्हणाले, "आणि प्रभू, आमच्या मुलांनी टाकलेल्या बॉम्बखाली जे आहेत, त्यांनाही सांभाळ."

एरवी सगळ्या बाकांवरून एकदम येणारं 'आमेन' आलंच नाही. मागे कोणीतरी खाकरलं. उद्या कॉलेजात कोण काय म्हणेल, आमच्या दारावर कोण काय लिहून जाईल, सगळं मला दिसायला लागलं. शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

शेजारी आई बसली होती, अजून पप्पांवर रागावलेलीच. तिने पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमेन."

तिच्यामागून तरी मी म्हणायला हवं होतं. तेही मला जमलं नाही.