चुलीपुढचा फोटो

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण ज्या फोटोसाठी लोकांनी माझं कौतुक केलं त्याचीच मला लाज वाटते.

धुळ्यात माझ्या स्टुडिओसमोर एक म्हातारी भरीत-भाकरी विकायची. वांगी भाजता भाजता गिऱ्हाइकांची टिंगल करायची आणि आधी स्वतःच हसायची. चुलीच्या उजेडात तिचं बोळकं हसूही छान दिसे.

एकदा स्पर्धेसाठी मी तिला आत बोलावलं. काळ्या पडद्यापुढे बसवलं, एकच दिवा बाजूने लावला, अर्धा चेहरा अंधारात ठेवला आणि "हसू नको" म्हणालो. फोटोला बक्षीस मिळालं. बाईनं किती सोसलंय, असं लोक म्हणाले. मी मान डोलावली.

मी एक प्रत तिला दिली. फोटोतली बाई तिला परकीच वाटली.

"हाई कोन शे भाऊ? इना घरमा कोन मरनं?" मग हळूच म्हणाली, "चुलाजोडे काढ ना एक, मी हासस तवय."

"चुलीजवळ, तू हसत असताना? काढू," म्हणालो. पुढेही तिच्याकडे रोज जेवलो, पण कॅमेरा नेला नाही. हसरा फोटो बक्षिसाच्या कामाचा नव्हता.

ती गेल्यावर घरी भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेला तोच फोटो होता.

सून म्हणाली, "सासूबाईना हाऊ एकच फोटो शे. पोरं इचारतस, आजी इतली दुखी का व्हती?"

ती तशी नव्हती, मी तिला तशी केली, एवढं सांगून माफी मागायची होती. मी पाणी प्यालो, फोटोला हात जोडले आणि उठलो.